पार्किन्सन्समध्ये अचानक लागलेला नाद, नाहीतर आटलेली उमेद: घरच्यांनी काय आणि कोणत्या क्रमाने करावं

वडिलांना सट्ट्याचा, खरेदीचा किंवा रात्रभर काहीबाही खोलत बसण्याचा नाद पार्किन्सन्सच्या गोळीमुळे लागला असावा, हे कळल्यावर घरात सगळ्यात आधी काय होतं? गोळ्यांची स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यात जाते. त्याच रात्री, डॉक्टरांना न विचारता. मीही तेच केलं होतं आणि पुढचे पंधरा दिवस सगळ्या घराने ते भोगलं. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच नेहमीची. माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहतो, कशातच मन घालत नाही, आणि घरचे त्याला "आळशी झालात तुम्ही" म्हणून टोचत राहतात.

नाशिकमधल्या अशा घरांतून मला अधूनमधून फोन येतात. कुणी सिडकोतून, कुणी गंगापूर रोडवरून, एखादा थेट सिन्नरहून. बहुतेकांनी गोष्टी बरोबरच केलेल्या असतात, फक्त क्रम उलटा झालेला असतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या माणसाची मुलगी आहे. कुठलाही डोस इथे सापडणार नाही. तो न्यूरॉलॉजिस्टने ठरवायचा.

## सुरुवात करण्याआधी

मेंदूतलं डोपामिन फक्त हात-पाय हलवायला लागत नाही. "हे करावं" अशी जी आतून ओढ लागते, तीही त्याच्याच जोरावर. पार्किन्सन्समध्ये ते कमी पडतं, त्यामुळे कंप आणि ताठरपणा येतो तशी उमेदही आटते. मग गोळ्यांनी भरपाई केली जाते. हालचालीचा भाग जास्त बिघडलेला असतो, त्याला ही भरपाई जेमतेम पुरते. ओढीचा भाग त्या मानाने शाबूत असतो, तिथे तीच भरपाई जास्तीची होऊ शकते आणि नाद लागतो. एकाच दोरीची ही दोन टोकं आहेत. एक टोक घाईने सोडलं की माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीसाठी आहेत.

हे क्वचित घडतं असंही समजू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत १३.६ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणूक यांपैकी एखादा तरी अनावर नाद सापडला. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे डोपामिनची नक्कल करणाऱ्या जातीची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. त्या जातीच्या गोळ्या कुठल्या, ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

## १. आधी नीट ओळखा

नाद म्हटलं की लोकांना मटका आणि रमी एवढंच आठवतं. प्रत्यक्षात तो साळसूदपणे घरात शिरतो. ऑप्शन ट्रेडिंग "टाइमपास" म्हणून सुरू होतं. दर चार दिवसांनी कुरिअरवाला दारात उभा असतो. एरवी हात आखडता असणारा माणूस अचानक देणग्या द्यायला लागतो, लांबच्या नातेवाइकाला न मागता पैसे देतो. रात्री दोन वाजता फ्रीजपाशी उभं राहून अख्खा गोड डबा संपवतो. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे बायकोकडे सततची लैंगिक मागणी, मोबाइलवर रात्रभर तसले व्हिडिओ, कधी बायकोवर नसता संशय.

आमच्या अप्पांचं यांतलं काहीच नव्हतं. त्यांनी जुना ट्रान्झिस्टर खोलला. दुसऱ्या दिवशी मिक्सर खोलला, मग शेजाऱ्यांचा पंखा मागून आणला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात स्क्रू लांबीप्रमाणे लावायचे, डबा ओतायचा, पुन्हा लावायचे. पहाटे चारपर्यंत. जेवायला हाक मारली तर चिडायचे. आई म्हणायची, "छंद लागलाय, बरंच झालं." छंदातून काहीतरी तयार होतं, माणूस मधे उठून चहा घेतो. इथे काही तयार होत नव्हतं आणि उठवलं की राग यायचा. या प्रकाराला डॉक्टरांकडे पंडिंग असं नाव आहे, ते मला आठ महिन्यांनी कळलं.

आणखी एक प्रकार सहज निसटतो. गरज नसताना जास्तीच्या गोळ्या घेणं. "आज जरा जड वाटतंय" म्हणत लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, दिवसातली सहावी, सातवी गोळी, आणि डबा लपवून ठेवणं. स्ट्रिप वेळेआधी संपत असतील तर नाद गोळीचाच आहे.

उमेद आटण्याचं ओळखणं याहून अवघड. निराश माणूस रडतो, स्वतःला दोष देतो, "माझं काय उरलंय" म्हणतो. उमेद आटलेला माणूस दुःखी नसतो. विचारलं तर "ठीक आहे" म्हणतो आणि खरोखर त्याला ठीकच वाटत असतं, त्रास घरच्यांना होत असतो. थकलेल्या माणसाला करायचं असतं पण अंगात त्राण नसतं. उमेद नसलेल्याच्या अंगात त्राण असतं, मनात "करावं" हेच उमटत नाही. या गोष्टी एकत्रही असू शकतात, म्हणून डॉक्टरांना निदान न सांगता वागणं सांगा.

सावध: पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. चेहरा कोरा दिसतो म्हणून मन कोरं आहे असं धरू नका. नातवाचा व्हिडिओ कॉल आल्यावर ते स्वतःहून एखादा प्रश्न विचारतात का, ते पाहा. चेहऱ्यापेक्षा तो प्रश्न जास्त सांगून जातो.

## २. स्ट्रिपवरचं बारीक नाव वाचा

सगळ्या गोळ्या एका ट्रेमध्ये काढा. मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने दिलेलं नाव, खाली बारीक अक्षरांत असतं ते औषधाचं. वहीत औषधाचं नाव लिहायचं. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की वाचता येतं.

शोधायची नावं: प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल. हीच ती डोपामिन अ‍ॅगोनिस्ट मंडळी. रोटिगोटिनचा अंगाला चिकटवायचा पॅच असतो, तोही यातलाच. लेव्होडोपा-कार्बिडोपा ही मुख्य गोळी जवळजवळ प्रत्येकाला असते. नादाचा पहिला संशय तिच्यावर घ्यायचा नसतो, पण डोस मोठा असेल तर तीही त्यात असू शकते. अमान्टाडिन आणि रासाजिलिन असतील तर तीही लिहा.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: कधी सुरू झाली, शेवटचा डोस कधी वाढला, रोज नेमकी किती वाजता घेतात. तारखा आठवत नसतील तर मेडिकलवाल्याकडची जुनी बिलं काढा. आमच्या मेडिकलवाल्याने दोन वर्षांची बिलं पाच मिनिटांत काढून दिली. त्यावरूनच कळलं की स्क्रूचा डबा यायच्या तीन महिने आधी डोस वाढला होता. नाद काही आठवड्यांत लागू शकतो, तसा काही वर्षांनीही. म्हणून "इतके दिवस तर काही झालं नाही" हा युक्तिवाद चालत नाही.

जाता जाता: हीच औषधं रात्री पाय तळमळण्याच्या विकारावरही देतात. त्या लोकांनाही नाद लागलेला दिसतो, आणि पार्किन्सन्स नसल्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तपासा: तरुण वयात सुरू झालेला आजार, धूम्रपान, घराण्यात जुगाराची सवय. यांतलं काही असेल तर धोका जास्त, तेही वहीत लिहा.

## ३. दोन आठवड्यांची वही

वही साधी शाळेची चालेल. रोज चार रकाने: वेळ, गोळी, काय केलं, किती वेळ. मत लिहायचं नाही. "अप्पा वेड्यासारखे वागले" यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "रात्री ११:३० ते ३:४५ स्क्रू लावले, दोनदा हाक मारली, उठले नाहीत" यातून सगळं कळतं. खरेदी असेल तर रक्कम, खाणं असेल तर दर आठवड्याला वजन.

उमेदीसाठी वेगळं लिहायचं. दिवसभरात स्वतःहून सुरू केलेली प्रत्येक गोष्ट नोंदवा, मग ती पेपर उघडण्याएवढी छोटी का असेना. न केलेल्या गोष्टींची यादी करत बसू नका, ती संपत नाही. गोळीचा असर असतानाची वेळ, म्हणजे आपण ज्याला "ऑन" म्हणतो ती, आणि असर उतरल्यावरची "ऑफ" वेळ यांत फरक दिसतो का तेही बघा. ऑफमध्येच मरगळ येत असेल तर प्रश्न गोळीच्या वेळांचा असू शकतो.

वही लपवून ठेवू नका. ती एक दिवस सापडतेच, आणि मग ते तुम्हाला हेर समजतात. आम्ही ती बीपीच्या नोंदींच्या वहीतच मागच्या बाजूने लिहिली. अप्पांना माहीत होतं, त्यांनी कधी वाचली नाही.

सावध: मोठी रक्कम जाताना दिसली, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली किंवा भास व्हायला लागले तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. जिवाची भाषा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. माणसाला एकटं सोडू नका. धोका समोर दिसत असेल तर थेट हॉस्पिटल, अर्ध्या रात्रीही.

## ४. बोलणं आणि कडी, दोन्ही एकाच दिवशी

क्रम सगळ्यात जास्त चुकतो तो इथे. बोलायचं सोमवारी आणि बँकेत जायचं शनिवारी, असं करू नका. एका ओळखीच्या काकूंनी नवऱ्याला रविवारी समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, कबूलही केलं. बँकेत जायचं गुरुवारी ठरलं होतं. मधल्या तीन रात्रींत त्यांनी मुदत ठेव ऑनलाइन मोडून ट्रेडिंगच्या खात्यात टाकली. ते खोटं बोलले नव्हते. कबूल करताना त्यांना तसंच वाटत होतं, रात्री ओढ लागली तेव्हा नाही.

उलट टोकही नको. न सांगता मोबाइल काढून घेणं, पासवर्ड बदलणं. माणूस मोठा आहे, पैसा त्याचा आहे, त्याची संमती हवी. एकदा विश्वास तुटला की पुढे गोळ्यांबद्दलही खरं सांगत नाहीत.

बोलण्याची वेळ सकाळची, ऑन असताना, नाश्ता झाल्यावर. माणसं दोनच. सगळी भावंडं गोळा करून पंचायत बसवू नका. पहिलं वाक्य गोळीबद्दल असू द्या: "अप्पा, ही जी गोळी आहे ना, तिच्याने काही लोकांना असा नाद लागतो. तुमचा स्वभाव बदललेला नाही. डॉक्टरांना सांगितलं की त्यावर उपाय होतो. तोपर्यंत पैशांची जरा सोय करू." मी हे वाक्य कागदावर लिहून पाठ केलं होतं. तरी पहिल्यांदा तोंडातून निघालं, "तुम्ही हे काय चालवलंय?" त्या दिवशी बोलणं तिथेच संपलं.

लैंगिक बाबतीत मुलांनी बोलू नये. ते आईने किंवा थेट डॉक्टरांनी. आई संकोचत असेल तर तिला चिठ्ठी लिहून द्यायला सांगा. तिला त्रास होत असेल, नको तेव्हा जबरदस्ती होत असेल, तर झोपायची खोली वेगळी करणं हाही उपाय आहे, आणि तो आजच करायचा. "या वयात काय बोलायचं" म्हणून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना एवढंच सांगते की डॉक्टरांनी हे याआधी अनेकदा ऐकलेलं असतं.

नाश्ता आटोपला की त्याच दिवशी सोबत बँकेत. करायची कामं:

मुख्य खात्यात पेन्शन आणि ठेवी राहू द्या, त्यांच्या हातखर्चाला वेगळं छोटं खातं उघडा. खिशात रोख पाचशे रुपये राहू द्या. रिकाम्या खिशाने माणूस खचतो, आणि ओळखीच्या दुकानात उधारी सुरू होते.

कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, मर्यादा कमी करा. ही सोय बँकांच्या अ‍ॅपमध्ये २०२० पासून असते. क्रेडिट कार्डाची मर्यादा खाली आणा आणि "प्री-अप्रूव्ह्ड" कर्जाचे मेसेज बंद करायला लेखी सांगा.

यूपीआय सर्कल ही २०२४ मध्ये आलेली सोय इथे फार कामाची. त्यात खातं तुमचं राहतं आणि ते पैसे देतात तेव्हा प्रत्येक व्यवहार तुमच्या मोबाइलवर मंजुरीला येतो. दर वेळची मंजुरी नको असेल तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांची मर्यादा घालून मोकळीक देता येते. मात्र त्यांच्या मोबाइलमधल्या यूपीआय अ‍ॅपमधून मुख्य खातं काढावं लागतं, नाहीतर या सगळ्याचा उपयोग शून्य.

मुदत ठेवी मोडायला दोघांच्या सह्या लागतील अशी व्यवस्था करता येते का, ते मॅनेजरला विचारा. लॉकरचंही तेच.

शेअर बाजार असेल तर ब्रोकरला लिहून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभागच बंद करून घ्या. "थोडंसंच खेळतो" हे ऐकू नका. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत या विभागातल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला होता, आणि त्यांना काही गोळीने नाद लावलेला नव्हता. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, त्यावर विसंबून बसू नका. बंद झालेल्या अ‍ॅपच्या जागी लिंक पाठवणारे भामटे येतात. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, जितका लवकर तितके पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त.

घर, शेतीचे कागद आणि सोनं एका ठिकाणी, कुलपात. मेनरोडच्या किंवा सराफ बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला "उधार देऊ नका" एवढंच सांगा. कारण सांगत बसू नका.

तपासा: रात्री झोपण्याआधी स्वतःला विचारा, आज रात्री दोन वाजता त्यांना मोह झाला तर कुठून पैसे जाऊ शकतात? उत्तर "कुठूनच नाही" येईपर्यंत हा टप्पा संपलेला नाही.

## ५. डॉक्टरांची दहा मिनिटं

जायचं न्यूरॉलॉजिस्टकडे. फॅमिली डॉक्टरांना कळवा, पण गोळी त्यांच्याकडून बदलून घेऊ नका. ओपीडीत दहा मिनिटं मिळतात, त्यातली पाच कंप बघण्यात जातात. आणि पेशंट समोर बसलेला असताना "यांना मटक्याचा नाद लागलाय" असं म्हटलं की पुढची पाच भांडणात.

म्हणून आदल्या दिवशी एक पान लिहून रिसेप्शनला द्या किंवा डॉक्टरांना चालत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप करा. त्यात गोळ्यांची यादी, वहीतल्या चार ठळक नोंदी आणि एक वाक्य: "हे बोलताना त्यांना संकोच वाटतो, कृपया तुम्हीच विषय काढा." अशा नादांसाठी डॉक्टरांकडे छापील प्रश्नावल्या असतात, ते त्यावरून विचारतील.

तिथे विचारायचं ते असं. हा नाद कुठल्या गोळीचा वाटतो? ती किती दिवसांत, कशा पायऱ्यांनी कमी करणार? कंप किंवा ताठरपणा वाढला तर काय करायचं? कुठल्या लक्षणाला लगेच फोन करायचा, आणि कुठल्या नंबरवर? मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशनाची गरज आहे का? उत्तरं तिथेच लिहून घ्या. जिना उतरेपर्यंत निम्मं विसरायला होतं.

मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया, म्हणजे डीबीएस, ठरत असेल तर नाद आणि उमेद दोन्हींची माहिती त्याआधी द्या. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बऱ्याच कमी होतात, आणि काही जणांची उमेद नेमकी तेव्हाच ढासळते.

सावध: माणूस चिडला, झोपत नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यात "शांत करायचं" इंजेक्शन देऊ नका. हॅलोपेरिडोलने पार्किन्सन्स एकदम बिघडू शकतो. उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. दोन्ही नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि कुठल्याही कॅज्युअल्टीत आधी सांगा.

## ६. गोळी कमी होत असताना

मी प्रामिपेक्सोल एका रात्रीत बंद केली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांना दरदरून घाम फुटला, छातीत धडधड. "जीव चाललाय माझा, ती गोळी दे," म्हणून ते माझा हात धरून बसले. आम्ही हार्ट अ‍ॅटॅक समजून धावलो, ईसीजी नीट निघाला. त्यानंतर रात्ररात्र येरझारा आणि रडणं. आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. न्यूरॉलॉजिस्टने गोळी परत सुरू करून मग टप्प्याटप्प्याने उतरवली, त्याला काही महिने लागले.

ही गोळी सुटतानाची लक्षणं होती. अस्वस्थता, भीतीचे झटके, घाम, निराशा, झोप उडणं, आणि त्याच गोळीची ओढ. २०१० पासून डॉक्टरांनी याला वेगळं नाव दिलेलं आहे. नाद लागलेल्यांनाच याचा धोका जास्त, आणि लेव्होडोपा वाढवून हा त्रास जात नाही. सावकाश उतरवतानाही तो होऊ शकतो. तसं झालं तर पुढची पायरी स्वतः उतरायची नाही आणि मागेही जायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

लेव्होडोपाचं आणखी गंभीर. ती अचानक थांबली आणि जोरात ताप, प्रचंड ताठरपणा, भ्रम दिसला तर ते जिवावर बेतू शकतं, थेट हॉस्पिटल. गावाला जाताना गोळ्या विसरणं हे याचं अगदी साधं कारण. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला निघालात तरी दोन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या पर्समध्ये हव्यात.

या काळात कॅलेंडरवर रोज डोस लिहा. औषध पोटात हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे ईआर किंवा पीआर असतं, त्या तोडून किंवा कुटून अर्ध्या करायच्या नाहीत. नाद बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, काहींचा पूर्ण जात नाही. म्हणून नाद कमी दिसला की लगेच बँकेची कडी काढू नका.

## ७. उमेद परत आणणं

गोळी कमी झाली, नाद गेला, घर सुटकेचा निःश्वास टाकतं. तोवर माणूस शांत होत होत अगदीच शांत झालेला असतो. स्क्रूचा डबा बंद झाला त्याला दोन महिने होत होते, तेव्हा आमच्या लक्षात आलं की अप्पांनी आता रेडिओही लावलेला नाही.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना सांगा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, झोप आणि नैराश्य तपासायला हवं, कारण यांतलं काही निघालं तर तो सोपा उपाय आहे. नैराश्याची गोळी नुसत्या निरिच्छपणावर लागू पडेलच असं नाही. आणि "आधीची गोळी होती तेव्हा निदान उत्साही तरी होते" म्हणून उरलेल्या स्ट्रिपमधली गोळी देऊ नका. हा मोह आईला झाला होता, मला झाला होता.

घरी करायचं ते एका गोष्टीभोवती फिरतं. अशा माणसाला आतून सुरुवात होत नाही, बाहेरून दिली तर बऱ्याचदा चालतो. "अप्पा, फिरायला जायचं का?" याचं उत्तर "नको" असंच येणार, कारण त्या प्रश्नात सुरुवात त्यांच्यावर टाकलेली आहे. त्याऐवजी चपला समोर ठेवायच्या, काठी हातात द्यायची आणि म्हणायचं, "चला, साडेसहा झाले." विचारायचंच तर दोनातलं एक: "आज गोल्फ क्लब मैदानावर जाऊ की गोदाकाठी?" दोन्हींत जाणं ठरलेलंच असतं.

वेळ गोळीच्या असराची निवडा. एका आठवड्यात एकच नवी गोष्ट. आम्ही पहिल्या आठवड्यात फक्त कुंडीला पाणी घातलं, रोज सकाळी नऊला, मोबाइलच्या गजरावर. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं. काम खरं असावं. मुलांसारखं "हे रंगवा" दिलं की त्यांना कळतं. कोथिंबीर आली नाही तर आमटी तशीच होणार, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते आणायचे.

व्यायाम टाळू नका. चालणं, टाळ्यांच्या ठेक्यावर पावलं टाकणं, जमेल तर गटात. मुंबईच्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचं आणि पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं काम मराठी घरांना जवळचं वाटेल असं आहे. घरी दहा वेळा सांगून उठत नाहीत, ते चार समदुःखी भेटणार म्हटल्यावर शर्ट बदलून बसतात.

सावध: सगळं तुम्हीच उरकू नका. शर्टाची बटणं लावायला त्यांना बारा मिनिटं लागतात, आपल्याला एक. रोज आपण लावली तर एक दिवस ती त्यांची उरत नाहीत. घाईच्या दिवशी लावा, बाकीचे दिवस चहा घेत थांबा.

सुधारणा मोजायची ती वहीतूनच. स्वतःहून सुरू केलेल्या गोष्टी आठवड्याला किती? अप्पांच्या पहिल्या आठवड्यात शून्य होतं. सहाव्यात तीन, त्यातली एक म्हणजे मला विचारलेलं "तुझ्या गुडघ्याचं काय झालं?"

## ८. फाइलचं पहिलं पान

फाइल उघडल्याबरोबर दिसेल असं एक पान लाल पेनाने लिहून सगळ्यात वर लावा. त्यात औषधाचं नाव, कुठला नाद लागला होता, कुठल्या महिन्यात, गोळी अचानक बंद केल्यावर काय झालं होतं, आणि हॅलोपेरिडोल, मेटोक्लोप्रमाइड नको ही ओळ. डॉक्टर बदलतात, हॉस्पिटल बदलतं, हाडाच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्याच शहरात दाखल व्हावं लागतं. तिथला तरुण डॉक्टर कंप पाहून चांगल्या मनाने तीच गोळी पुन्हा लिहून देऊ शकतो.

नवीन गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की वहीचे रकाने पुन्हा दोन आठवडे भरायचे, आणि त्या दिवसापासून बँकेच्या मेसेजचा एक नंबर तुमचा असू द्यायचा.